सासूबाईंवर पाय देण्याचं शिक्षण

सेक्टर ८, वृंदावन योजना,
लखनौ
बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

सौ. गीतावहिनींना,
विनीताचा साष्टांग नमस्कार. अगदी खराखुरा साष्टांग समजा, कारण हल्ली रोज तासभर मी जमिनीवरच असते. का, ते पुढे सांगते.

दिवाळीचं पार्सल पोचलं. चकल्या तुमच्या धाकट्या दिरांनी दोन दिवसांत संपवल्या आणि वर मलाच विचारलं, की एवढ्याशाच होत्या का. कडबोळ्यांच्या वेगळ्या डब्यावर तुम्ही कुणाचंच नाव घातलं नव्हतं, पण तो ज्यांच्यासाठी होता त्यांच्याकडेच गेला. आईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि डबा आपल्या कपाटात साड्यांच्या मागे ठेवून दिला. रोज दुपारी कपाटाचं दार वाजतं. आम्ही ऐकू न आल्यासारखं करतो.

तुम्ही म्हणाल, फोन असताना या बाईला पत्र लिहायची हौस कुठून आली? फोनवर तुम्ही स्पीकर लावता, दादा मागून बोलतात, कुकर शिट्ट्या देतो आणि मला जे बोलायचं ते राहूनच जातं. शिवाय फोनचं आणि माझं जरा वाकडंच आहे. तेही पुढे येईल. आधी गंमत सांगते.

तुमची ही पन्नाशी उलटलेली धाकटी जाऊ परदेशात जाऊन मालिश शिकून आली आहे.

विजयने तुम्हाला एवढंच सांगितलं असणार, की विनीता महिनाभर अबोलीकडे बँकॉकला गेली होती. मालिशचं त्याने मुद्दामच सांगितलं नसेल. रेल्वेत एवढा मोठा इंजिनियर, लोक काय म्हणतील! अबोली तिथे सहा महिने कंपनीच्या कामाला होती. ती सकाळी आठला जायची ती संध्याकाळी सातला यायची. मी बाल्कनीत बसून समोरच्या बिल्डिंगमधल्या बायकांचे वाळत घातलेले कपडे ओळखायला लागले होते. तिसऱ्या दिवशी अबोली वैतागली. तिचं तुम्हाला माहीतच आहे, मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की हिंदी.

“मम्मी, पूरा दिन यहाँ बैठी रहती हो। नीचे गली में मसाज का स्कूल है, दस दिन का कोर्स। जॉइन कर लो न, यार.”

मी म्हटलं, “अगं, मालिश काय शिकायची? लोक हसतील.”

“सर्टिफिकेट मिलता है.”

सर्टिफिकेट म्हटल्यावर मी विरघळले. तीस वर्षं सरकारी क्वार्टरमध्ये काढलेली बाई मी, शिक्का मारलेल्या कागदापुढे माझं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी शाळेच्या दारात चपला काढून उभी होते.

शाळा म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांबलचक खोली. जमिनीवर ओळीने गाद्या, खिडकीत तुळशीसारखं कसलंतरी रोप, आणि आम्ही अकरा विद्यार्थी, सगळे परदेशी. शिकवणाऱ्या नोई नावाच्या सत्तरीच्या बाई, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण आवाज असा की सगळी खोली ताठ बसावी. शाळेत आपण बाई म्हणायचो, तसं मी त्यांना नोईबाईच म्हणायला लागले. त्यांना अर्थ सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या, की सगळ्यांनी तसंच म्हणायचा हुकूम निघाला. जर्मन लोकांच्या तोंडून “नोईबाई” ऐकायला मजा यायची.

पहिल्या दिवशी हात जोडून आधीच्या गुरूंची प्रार्थना झाली. तिथपर्यंत मला अगदी घरच्यासारखं वाटलं. मग नोईबाईंनी मला गादीवर आडवं व्हायला सांगितलं आणि त्या माझ्या पायांशी गुडघे टेकून बसल्या. सत्तरीची बाई माझ्या पायांना हात लावायला निघाली म्हटल्यावर मी “अहो, अहो, नको!” करत उठून बसले आणि पाय पोटाशी घेतले. पुन्हा झोपवलं, पुन्हा तेच. शेवटी एका कोरियन मुलीला माझ्या जागी झोपवून धडा सुरू झाला.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. या मालिशीत तेल नाही, कपडेही काढायचे नाहीत. सैल पायजमा-सदरा घालून आडवं व्हायचं, आणि मालिश करणाऱ्याने हात, कोपर, गुडघा आणि पाऊल, सगळं वापरायचं. हो वहिनी, पाऊल. समोरच्याच्या पोटरीवर, मांडीवर आपलं पाऊल ठेवून वजन सोडायचं. माझ्या जोडीला ब्रिगिटा म्हणून जर्मनीतली निवृत्त नर्स होती, वयाने माझ्याहून दहा वर्षं मोठी. आता मोठ्या बाईच्या अंगावर पाय कसा द्यायचा? नोईबाई ओरडल्या म्हणून दिला. आणि पाय लागल्याबरोबर माझा हात आपोआप खाली गेला, ब्रिगिटाच्या पायाला लागला आणि माझ्या कपाळाला आला. पुन्हा पाऊल, पुन्हा नमस्कार. जे काम वीस मिनिटांत संपायचं त्याला मला सव्वा तास लागला, आणि ब्रिगिटा शांतपणे झोपून गेली.

तिसऱ्या दिवशी मी वर्गात जरा उशिरा पोचले, तर काय बघते? सगळा वर्ग नमस्कार करत होता! पाऊल ठेवायचं, हात लावायचा, कपाळाला न्यायचा. त्यांना वाटलं, ही भारतातून आली आहे, म्हणजे काहीतरी जुनी विद्या असणार. कोरियन मुलगी तर डोळे मिटून इतक्या भक्तीने करत होती, की मला खरं सांगायची लाज वाटली. नोईबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या. म्हणाल्या, चालू द्या, याने हात सावकाश पडतो.

दहाव्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं. मालिशची लाज वाटणाऱ्या विजयने ते फ्रेम करून हॉलमध्ये आपल्या रेल्वेच्या बक्षिसाशेजारी लावलं आहे. आले-गेले वाचतात.

परत आल्यावर मी अमीनाबादच्या बाजारात गेले आणि जाड सुती गादी घेतली. रिक्षावाला म्हणाला, “बिटिया की शादी है?” मी म्हटलं, “नहीं भैया, सास के लिए है.” तो वळून वळून बघत होता. खरं म्हणजे तेव्हा आईंचा विचार माझ्या मनात होता, पण बोलायची हिंमत नव्हती. तीन वर्षांत आईंनी कुणाला अंगाला हात लावू दिलेला नव्हता. अंघोळीला आधार नाही, वेणीला हात नाही, नमस्कार केला तरी पाऊल मागे घ्यायच्या. का, ते तुम्हाला माहीत आहे. त्या पडल्या तेव्हापासून खुबा आणि पोटरी अशी धरली होती, की खुर्चीतून उठायचं तर त्यांची तीन वेळा तयारी व्हायची. पाटावर बसणं तर संपलंच होतं.

म्हणून पहिला बळी विजय. आई खुर्चीवर बसून बघायच्या. मी विजयच्या मांडीवर पाऊल ठेवलं आणि आई म्हणाल्या, “नवऱ्याला लाथा घालायला इतक्या लांब जायची काय गरज होती? मिरजेत पुष्कळ जणी घरीच शिकल्यात.” विजय हसायला लागला आणि माझा तोल गेला.

पण आठ दिवस त्या बघत होत्या. विजय रोज मालिश संपायच्या आत घोरायला लागायचा. नवव्या दिवशी आई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “यात कपडे काढावे लागत नाहीत ना?”

“नाही, आई.”

“आणि कुणाला उचलावं लागत नाही?”

“नाही. तुम्ही नुसतं आडवं व्हायचं.”

“विचारते आपली.”

मी दुसऱ्याच दिवशी आलमबागच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, “हल्के हाथ से कीजिए, माताजी पर ज़ोर मत आज़माइएगा.” त्या दुपारी मी गादी बुटक्या दिवाणावर घातली, आणि आई स्वतः तिच्यावर आल्या. पहिले दोन दिवस अंग लाकडासारखं. मी फक्त तळवे दाबले. तिसऱ्या दिवशी पोटरी. मग एकदा, जीव मुठीत धरून, मी माझं पाऊल त्यांच्या पोटरीवर ठेवलं, अगदी हलकं. आणि हात गेला की खाली, आणि तिथून कपाळाला!

आईंनी मान वळवून बघितलं. म्हणाल्या, “अगं, दाबतेस का पाया पडतेस? एक काय ते कर.”

आणि वहिनी, त्या हसल्या. पालथ्या पडून, तोंड उशीत खुपसून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मीही हसत सुटले. तीन वर्षांत या घरात त्यांचं असं हसू मी ऐकलं नव्हतं.

पाडव्याला आई देवघरासमोर पाटावर बसल्या. बसताना विजय आणि मी दोन बाजूंना उभे होतो, पण हात लावावा लागला नाही. उठताना त्यांनी आपणहून माझा हात धरला.

आता इथे थांबते. कुकर लावायचा आहे. आणि पुढचं लिहायला मला थोडी तयारी लागणार आहे.

गुरुवार, २१ नोव्हेंबर, दुपार

काल पानभर गंमत लिहिली आणि मूळ गोष्ट तशीच राहिली. आज ती लिहिल्याशिवाय पत्र पाकिटात घालायचं नाही असं ठरवलं आहे.

बँकॉकची एक गोष्ट मी गाळली. सहाव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नोईबाई माझ्याशेजारी येऊन बसल्या. अर्धं इंग्रजी, अर्ध्या खुणा. त्यांनी मला विचारलं, “तो हात कपाळाला लावतेस, त्याचा अर्थ काय?” मी म्हटलं, माफी. पाय लागला, माफ करा. त्यांनी थोडा वेळ भात खाल्ला. मग म्हणाल्या, “ब्रिगिटाला तर काही लागलेलं नाही. मग तू दिवसभर माफी कुणाची मागतेस?” मी हसून वेळ मारून नेली. पण त्या संध्याकाळी अबोलीबरोबर भाजी घेताना एकच कोथिंबीर मी दोनदा घेतली, आणि ती म्हणाली, “मम्मी, हुआ क्या है आपको?”

काय झालं होतं ते आता सांगते.

वहिनी, आई पडायच्या आठवडाभर आधी तुमचा मला फोन आला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, आईंना उचलून माझी कंबर धरायला लागली आहे, एखादा पट्टा घेईन म्हणते. आणि पुढे म्हणालात, त्यांना मात्र सांगू नकोस, मला त्रास होतो म्हणून त्या अंघोळसुद्धा सोडतील.

मी सांगितलं. दोनच दिवसांनी आईंचा फोन आला, नेहमीसारखा. गीताने निर्गुडीचं तेल उकळलं, गीताने पाय चोळले, गीता अशी, गीता तशी. अठरा वर्षं मी लांबून हेच ऐकत होते. त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे. मी हसत हसत म्हटलं, “तुमच्या गीताची कंबर गेली म्हणे तुम्हाला उचलून.” एवढंच. पुढचं अर्धं सांगितलंच नाही. विसरले नव्हते. सांगावंसं वाटलं नाही.

मग आई न्हाणीघरात पडल्या. तुम्ही धावत उचलायला गेलात आणि त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत ओरडल्या, “हात लावू नकोस मला! कंबर जाईल तुझी, मग गावभर सांगत फिरशील.” तुम्ही माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाहीत. तुम्हाला वाटलं, दादांनी सांगितलं. तुम्ही दहा दिवस त्या बिचाऱ्यांशी बोलला नाहीत, ते मला विजयकडून कळलं, तरी मी गप्प बसले. पंधरा दिवसांनी विजय आईंना मिरजेहून इकडे घेऊन आला. सगळे म्हणाले, धाकटीने किती आनंदाने सासूला ठेवून घेतलं. मी ते कौतुकही घेतलं. ही मी. मला तुमच्या तोंडासमोर हे म्हणता आलं नसतं, आणि फोनवर बिघडवलेलं फोनवर निस्तरायची मला लाज वाटली. म्हणून हे पत्र.

आता आईंचं ऐका. मागच्या गुरुवारची गोष्ट. मी त्यांची पोटरी दाबत होते, तळहाताने, अगदी सर्टिफिकेटात लिहिलं आहे तशी. आई डोळे मिटून होत्या. म्हणाल्या, “गीता अंगठ्याने दाबायची. शीर बरोबर सापडायची तिला.”

तीन वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव. मी दाबत राहिले. मग त्याच म्हणाल्या, “तिची कंबर खरीच गेली असेल. मी काय तेव्हा हलकी होते? पण तिने मला सांगायचं होतं. दुसरीकडून ऐकावं लागलं.”

माझे हात थांबले. आई म्हणाल्या, “थांबलीस का?” आणि मी तिथेच, त्यांचा पाय मांडीवर घेऊन, उरलेलं अर्धं सांगितलं. की वहिनी म्हणाल्या होत्या, आईंना कळू देऊ नकोस, त्या अंघोळ सोडतील. की ते मी मुद्दाम सांगितलं नाही. की मला तुमचं कौतुक ऐकवत नव्हतं. बोलता बोलता मी रडायला लागले, आणि माझा हात सारखा त्यांच्या पायावरून कपाळाला जात होता. या वेळी नोईबाईंनी विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं.

मला वाटलं होतं, आता आई पाय ओढून घेतील. त्यांनी तो तसाच माझ्या मांडीवर राहू दिला. बाहेर भाजीवाला “मटर ले लो, ताज़ी मटर” करत दोन फेऱ्या मारून गेला. मग त्या म्हणाल्या, “तू तरी काय करशील? मी तरी रोज तेच तेच सांगायचे.” आणि मग जरा चिडून, “तिने पट्टा घेतला का नाही शेवटी?”

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते. तर वहिनी, पट्टा घेतलात का?

त्या दिवसापासून आमच्या घरात उलटी गंगा सुरू झाली आहे. आई म्हणाल्या, “कंबर कशी दाबतात ते मला शिकव.” मी म्हटलं, “आई, या वयात?” तर म्हणाल्या, “तुझ्या त्या बाई किती वर्षांच्या आहेत?” झालं, मी गादी घातली. आता रोज दुपारी मला पालथं पाडतात, शेजारी बसतात आणि माझ्या कंबरेवर शिकतात. हातात ताकद नाही, पण नोईबाई म्हणायच्या तसं वजन बरोबर सोडतात. चुकलं की मलाच ओरडतात, नीट झोप म्हणून. कुणासाठी शिकताय, असं विचारलं तर सांगत नाहीत.

मला माफ करा, असं लिहून तुम्हाला लगेच “बरं” म्हणायला लावायचं नाही. रागावा. हवं तर फोन करून ओरडा, स्पीकर लावून ओरडा, दादांनाही ऐकू दे, त्यांचा काही दोष नव्हता हे त्यांना कळायलाच हवं. पण आईंना तुमचा आवाज हवा आहे आणि त्या मागणार नाहीत, म्हणून मी मागते.

हे सगळं मी आईंना आत्ता वाचून दाखवलं. कडबोळ्यांचं ऐकून त्यांनी माझ्यावर डोळे वटारले. मग पेन मागितलं. खाली थोडी जागा सोड म्हणाल्या, म्हणून सोडली आहे.

तुमच्या पायाशी, आणि या वेळी जाणूनबुजून,
विनीता

गीतास आशीर्वाद.
कडबोळी बरी झाली होती. मीठ कमी. निर्गुडीचं तेल इकडे कुणाला जमत नाही. पार्सलने पाठवू नकोस, सांडतं. बाटली घेऊन तू ये. चारबाग स्टेशनवर विजय येईल.
आलीस की आधी गादीवर आडवी हो. तुझी कंबर मी दाबणार आहे. नको म्हणायचं नाही.
आई